झाकण मिटून बाहेरच्या मॉनिटरवर काम केलं तर लॅपटॉप जास्त तापतो का?

वऱ्हाडी_डेस्क

नमस्कार मंडळी,

घरून काम आहे, टेबल लहान आहे. लॅपटॉप मिटून बाजूला ठेवायचा आणि २४ इंची मॉनिटर, वेगळा कीबोर्ड-माऊस लावून दिवसाचे आठ-नऊ तास काम करायचं, असं ठरवलंय. लॅपटॉप १५.६ इंची, बाराव्या पिढीचा आय५ एच प्रोसेसर, १६ जीबी रॅम, सोबत आरटीएक्स ३०५० ग्राफिक्स कार्ड, विंडोज ११. मॉनिटर एचडीएमआय केबलने जोडलाय. काम म्हणजे ब्राउझरमध्ये वीस-पंचवीस टॅब, एक्सेल आणि व्हिडिओ कॉल. गेम वगैरे नाही.

गाव अकोला, महिना मे. कूलर चालू असतानाही खोलीत दुपारी ३७ अंश असतं.

लॅपटॉप उघडा ठेवून, मॉनिटर न जोडता साधं काम करताना प्रोसेसर ५६ अंशांच्या आसपास असतो. मॉनिटर जोडून झाकण मिटलं की तोच ६८ वर जातो आणि पंखा थांबतच नाही. म्हणजे झाकण मिटल्याने १२ अंश वाढले का? स्क्रीनला काही अपाय होईल का? लॅपटॉप उभा धरणारे स्टँड मिळतात ते घ्यावेत का? आणि दिवसभर चार्जर लावून ठेवला तर बॅटरीचं काय?

तापमापी

आधी एक चूक दुरुस्त करू. तुम्ही एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या आहेत: झाकण मिटलं आणि मॉनिटरही जोडला. १२ अंशांचा दोष कोणाचा, हे या दोन आकड्यांवरून सांगताच येणार नाही. माझा संशय झाकणावर कमी आणि एचडीएमआय पोर्टवर जास्त आहे. का, ते तुमचे आकडे आल्यावर सांगतो.

आता मूळ प्रश्न. पंखा असलेल्या लॅपटॉपमध्ये प्रोसेसरची बहुतेक उष्णता कीबोर्डमधून बाहेर पडत नाही. प्रोसेसरवर तांब्याची पट्टी असते, तिच्यातून चपट्या तांब्याच्या नळ्या म्हणजे हीटपाइप निघतात. त्या पंख्याच्या तोंडाशी असलेल्या पातळ पात्यांच्या जुडग्यापर्यंत उष्णता नेतात. पंखा तळाच्या जाळीतून हवा ओढतो आणि त्या पात्यांमधून मागे किंवा बाजूला फेकतो. हा रस्ता मोकळा असेल तर झाकण उघडं की मिटलेलं याने प्रोसेसरच्या तापमानात फार फरक पडत नाही. कीबोर्डच्या पृष्ठभागावरून थोडी उष्णता खोलीत जाते, तेवढी मात्र झाकणाखाली अडकते.

अपवाद तीन. पहिला, ज्यांना पंखाच नाही असे लॅपटॉप. त्यांचं संपूर्ण अंगच उष्णता बाहेर टाकत असतं. दुसरा, कीबोर्डच्या कळांमधून किंवा कळांच्या वरच्या जाळीतून हवा ओढणारे लॅपटॉप. गेमिंगच्या बऱ्याच मॉडेलांत असं असतं. तिसरा, ज्यांची गरम हवा बिजागरीच्या फटीतून बाहेर पडते आणि झाकण मिटल्यावर ती फट अरुंद होते.

आणखी एक गोष्ट अकोल्याच्या माणसाने पक्की ध्यानात ठेवावी. खोलीचं तापमान १० अंशांनी वाढलं की तेवढ्याच कामाला प्रोसेसरही साधारण १० अंशांनीच जास्त तापतो. पंखा खोलीतल्या हवेपेक्षा थंड हवा कुठून आणणार? म्हणून पुण्यातल्या कोणी २७ अंशांच्या खोलीतले आकडे दिले तर ते तुमच्या आकड्यांशी ताडून पाहू नका. डिसेंबरमधले तुमचेच आकडे आताच्या आकड्यांशी जुळणार नाहीत.

तर अशी चाचणी करा. एचडब्ल्यूइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर घ्या, फक्त सेन्सर दाखवणारा पर्याय निवडा. प्रत्येक स्थितीत तेच टॅब, तोच व्हिडिओ चालू ठेवून २० मिनिटं थांबा. पहिली दहा मिनिटं सोडून द्या, धातू तापायला तेवढा वेळ लागतोच. मग चार आकडे लिहा: सीपीयू पॅकेजचं म्हणजे प्रोसेसरचं तापमान, सीपीयू पॅकेज पॉवर किती वॅट, जीपीयू म्हणजे चित्र काढणाऱ्या भागाची पॉवर किती वॅट आणि पंख्याचे फेरे दिसत असतील तर ते. खोलीचं तापमान दर वेळी लिहा. दुपारी एक चाचणी आणि रात्री दुसरी असं करू नका.

स्थिती अशा घ्या: उघडा आणि मॉनिटर नाही. उघडा आणि एचडीएमआयवर मॉनिटर. मिटलेला आणि एचडीएमआयवर मॉनिटर. मिटलेला पण खाली दोन सेंटिमीटर उंची देऊन. लॅपटॉपच्या टाइप-सी पोर्टमधून चित्र जात असेल तर मिटलेला आणि टाइप-सीवर मॉनिटर, ही पाचवी.

स्क्रूड्रायव्हर_००

आकडे येईपर्यंत हवेचा रस्ता हातानेच तपासून घ्या. त्याला सॉफ्टवेअर लागत नाही.

टिश्यू पेपरची बोटभर रुंद पट्टी फाडा. पंखा जोरात असताना ती लॅपटॉपच्या मागच्या कडेपाशी, मग दोन्ही बाजूंपाशी धरा. जिथे पट्टी बाहेरच्या दिशेने फडफडते तिथून गरम हवा बाहेर पडते. झाकण उघडं असताना ती किती उडते ते बघा, मग झाकण मिटून त्याच जागी पुन्हा धरा. मिटल्यावर पट्टी लोंबकळू लागली, तर तुमचा लॅपटॉप तापमापींच्या तिसऱ्या अपवादात बसतो आणि तो मिटून वापरू नये. तशीच फडफडत राहिली तर काळजी नाही. काही मॉडेलांत उलटंही दिसेल: झाकण उघडल्यावर त्याची खालची कड जाळीसमोर उतरते आणि मिटल्यावर जाळी मोकळी होते. त्यामुळे ऐकीव नियम लावू नका, स्वतःच्या यंत्रावर पट्टी धरून बघा.

हवा ओढणारी जाळी ओळखायला तीच पट्टी कीबोर्डवर आडवी ठेवा. ती कळांना चिकटून बसली तर पंखा वरूनही हवा घेतोय. असा लॅपटॉप मिटला की पंख्याचं अर्धं नाक दाबल्यासारखं होतं.

आता एक बारकावा. हल्लीच्या पुष्कळ पातळ लॅपटॉपमध्ये झाकण उघडलं की बिजागरीच तळ उचलून धरते, मागची बाजू टेबलापासून वर येते. आसुसने या रचनेला एर्गोलिफ्ट असं नावच दिलंय. उचललेल्या तळाखालून पंख्याला हवा मिळते. झाकण मिटलं की तळ परत टेबलावर बसतो आणि जाळीखाली फक्त रबरी पायांएवढी, दोन-तीन मिलिमीटरची फट उरते. मग लोक म्हणतात झाकण मिटल्याने तापला. खरं कारण खालची फट बुजल्याचं असतं. मागच्या दोन्ही कोपऱ्यांखाली पाण्याच्या बाटलीची दोन झाकणं ठेवली तरी फरक कळतो.

उशी, चादर, टेबलावरचा जाड प्लास्टिकचा कापड हे सगळं टाळा. रबरी पाय मऊ वस्तूत रुतले की जाळी बंद.

उभ्या स्टँडबद्दल. हीटपाइपच्या आत कमी दाबाखाली थोडं पाणी असतं आणि आतल्या भिंतीवर वातीसारखा थर असतो, तो पाणी परत खेचून आणतो. त्यामुळे लॅपटॉप उभा केला म्हणून नळ्या काम करायच्या थांबत नाहीत. उलट तळ टेबलापासून सुटतो आणि जाळीसमोर मोकळी हवा येते, हा फायदाच. पण तीन गोष्टी बघून घ्या. स्टँडचे जबडे तळाच्या जाळीवर बसता कामा नयेत. गरम हवा सोडणारी कड टेबलाकडे तोंड करून असू नये, बिजागरी मागे असेल तर ती बाजू वर ठेवा. आणि लॅपटॉपमध्ये जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर चालू असताना स्टँडमधून काढघाल करू नका. एसएसडी असेल तर शेवटच्या मुद्द्याचा प्रश्नच नाही. स्टँड जड बुडाचा घ्या. हलक्या अॅल्युमिनियमचा स्टँड केबलच्या ओढीनेही कलंडतो.

सफरचंद_कोकण

मॅकवाल्यांसाठी वेगळं लिहितो, कारण इथे नियम जरा वेगळे आहेत.

झाकण मिटून वापरणं हा मॅकबुकचा अधिकृत प्रकार आहे. चार्जर, बाहेरचा मॉनिटर, कीबोर्ड आणि माऊस जोडा, झाकण मिटा, चित्र मॉनिटरवर राहतं. एम३च्या मॅकबुक एअरवर तर दोन बाहेरचे मॉनिटर हवे असतील तर झाकण मिटावंच लागतं. उघडं असेल तर एकच चालतो. म्हणजे कंपनीने हा वापर गृहीत धरलेला आहे.

पण एम१पासूनच्या मॅकबुक एअरला पंखा नाही. ब्राउझर, लेखन, कॉल यांना तो मिटलेला असतानाही पुरतो. अर्धा तास व्हिडिओ एक्सपोर्ट करायचा असेल तर तो स्वतःहून वेग कमी करतो आणि मिटलेला असेल तर थोडा आधीच. नुकसान होत नाही, काम लांबतं. मोठं काम असेल तेव्हा झाकण उघडून ठेवा.

मॅकबुक प्रोमध्ये बिजागरीपाशी काळी फट दिसते, गरम हवा तिथून बाहेर पडते. उभ्या स्टँडमध्ये घालताना ती फट खाली, स्टँडच्या गादीवर टेकू देऊ नका.

मॅक चालवण्यासाठी अॅपलने दिलेली हवेची मर्यादा १० ते ३५ अंश आहे. अकोल्यात मे महिन्यात ती खोलीतच ओलांडली जाते, झाकणाचा संबंध येण्याआधी. जुन्या इंटेल मॅकवर अॅक्टिव्हिटी मॉनिटरमध्ये कर्नल टास्क नावाची प्रक्रिया सीपीयू खाताना दिसली तर तिला बंद करायच्या मागे लागू नका. यंत्र तापलंय म्हणून ती मुद्दाम बाकीच्या कामांना लगाम घालत असते.

घाटमाथा

माझं मत थोडं वेगळं आहे. मिटून ठेवण्याचा हट्टच कशाला? लॅपटॉप मॉनिटरच्या मागे किंवा बाजूला अर्धा उघडा ठेवा आणि त्याची स्क्रीन बंद करा. विंडोजचं बटण आणि पी एकत्र दाबा, सेकंड स्क्रीन ओन्ली निवडा. लॅपटॉपची स्क्रीन विझते, बॅकलाइटची वीज वाचते, कीबोर्डवरून उष्णता बाहेर जाते, पॉवर बटणही हाताशी राहतं. शिवाय कॅमेरा आणि माइक झाकणात असतात. मिटल्यावर कॅमेरा नाहीच आणि माइकचा आवाज दबतो, समोरचा विचारतो की तुम्ही विहिरीतून बोलताय का. कित्येक लॅपटॉपमध्ये वायफायचा अँटेनाही झाकणात असतो, मिटल्यावर सिग्नल एक काडी उतरतो.

तापमापी

@घाटमाथा, जागा असेल तर हे उत्तमच. कीबोर्डमधून हवा ओढणाऱ्या लॅपटॉपला तर हाच मार्ग. पण टेबल लहान आहे म्हणूनच प्रश्न आलाय, तेव्हा मिटून चालतं का हेही ठरवून टाकू.

वऱ्हाडी_डेस्क

चाचणी केली. सगळ्या वेळी खोली ३७ अंश, दुपारी एक ते चारच्या दरम्यान, तेच टॅब आणि तोच व्हिडिओ.

उघडा, मॉनिटर नाही: ५६ अंश, सीपीयू ७ वॅट, कार्ड झोपलेलं.
उघडा, एचडीएमआयवर मॉनिटर: ६६ अंश, सीपीयू ८ वॅट, कार्ड ११ वॅट.
मिटलेला, एचडीएमआय: ६८ अंश, कार्ड ११ वॅट.
मिटलेला, मागे दोन सेंटिमीटर उचललेला, एचडीएमआय: ६५ अंश.
मिटलेला, उचललेला, टाइप-सीवर मॉनिटर: ५८ अंश, कार्ड झोपलेलं, पंखा मधूनमधून बंदही होतो.

टिश्यूची पट्टी मागच्या बाजूला दोन्ही वेळा सारखीच उडाली. कीबोर्डवर ती चिकटली नाही.

म्हणजे झाकणाने फक्त २ अंश? आणि एचडीएमआयने १०?

तापमापी

बरोबर, आणि कारण असं.

तुमच्या लॅपटॉपमध्ये चित्र काढणारे दोन भाग आहेत: प्रोसेसरच्या आतला साधा जीपीयू आणि वेगळं आरटीएक्स कार्ड. साध्या कामाला आतला जीपीयू पुरतो आणि कार्ड झोपून राहतं, जवळजवळ शून्य वीज खातं. पण अशा बऱ्याच लॅपटॉपमध्ये एचडीएमआय पोर्टची तार थेट कार्डाला जोडलेली असते. त्या पोर्टला मॉनिटर लावला की चित्र कार्डातूनच जावं लागतं आणि कार्डाला झोप मिळत नाही. तुमच्याकडे ११ वॅट त्यातच जातात. प्रोसेसर ८ वॅट आणि त्याच हीटपाइपवर बसलेलं कार्ड ११ वॅट, एकूण भार दुपटीहून जास्त झाला. तापणारच. टाइप-सी पोर्ट मात्र तुमच्या यंत्रात आतल्या जीपीयूला जोडलेला दिसतोय. सगळ्या लॅपटॉपमध्ये तसं नसतं, काहींत उलटंही असतं.

खात्री करायची असेल तर एनव्हिडिया कंट्रोल पॅनेल उघडा. डावीकडे सराउंड आणि फिजएक्सचं पान आहे, तिथे कुठला पोर्ट कुठल्या जीपीयूला जोडलाय त्याची आकृती दिसते. त्याच पॅनेलच्या वरच्या डेस्कटॉप मेनूमध्ये जीपीयू अॅक्टिव्हिटीचं चिन्ह घड्याळापाशी दाखवायचा पर्याय आहे, तो चालू करा. कार्ड जागं असलं की चिन्ह रंगीत होतं आणि त्यावर क्लिक केलं की कुठला प्रोग्रॅम कार्ड वापरतोय त्याची यादी येते. रोजच्या वापरात हे चिन्ह पुरे, कारण सेन्सर वाचणारी सॉफ्टवेअर सतत विचारपूस करून कधीकधी स्वतःच कार्डाला जागं ठेवतात. चाचणी झाली की एचडब्ल्यूइन्फो बंद करा.

टाइप-सीची केबल घेताना बघून घ्या. प्रत्येक टाइप-सी पोर्टमधून चित्र जात नाही. पोर्टशेजारी डिस्प्लेपोर्टचं चिन्ह किंवा थंडरबोल्टची वीज कोरलेली असेल तर जातं. १०८० पिक्सेल, ६० हर्ट्झच्या मॉनिटरला साधा टाइप-सी ते एचडीएमआय अडॅप्टर चालतो. पुढे फोर-के मॉनिटर घेतलात तर अडॅप्टरवर फोर-के ६० हर्ट्झ लिहिलेलं असायला हवं, नाहीतर चित्र ३० हर्ट्झवर अडकतं आणि माऊस ओढल्यासारखा चालतो.

६८ अंशही घाबरण्याचे नव्हते. तुमच्या पिढीच्या एच प्रोसेसरची मर्यादा १०० अंश आहे. तिथे पोचला की तो आधी वेग उतरवतो, तरीही तापमान आटोक्यात आलं नाही तर लॅपटॉप स्वतःच बंद होतो. एचडब्ल्यूइन्फोमध्ये थर्मल थ्रॉटलिंगच्या ओळीत होय दिसू लागलं तर समजा वेग कापला जातोय. साध्या कामात तसं दिसलं तर यंत्र उघडून साफ करायची वेळ झाली.

मे-जूनपुरतं अजून एक करा. सेटिंग्जमध्ये पॉवर मोड बेस्ट पॉवर एफिशिअन्सीवर ठेवा. तेवढ्याने भागलं नाही तर कंट्रोल पॅनेलमधल्या अॅडव्हान्स्ड पॉवर सेटिंग्जमध्ये मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट १०० वरून ९९ टक्के करा. त्याने इंटेल प्रोसेसरचा टर्बो, म्हणजे गरजेला वेग आपोआप वाढवायची सोय, बंद होतो. ब्राउझर-एक्सेलमध्ये किंचित फरक जाणवेल, पण टॅब उघडताना पंखा एकदम ओरडतो ते थांबेल. काही लॅपटॉपमध्ये हा पर्याय लपवलेला असतो. तिथे पॉवर मोडवरच भागवा.

वऱ्हाडी_डेस्क

टाइप-सी ते एचडीएमआय अडॅप्टर कायमचा लावतो. झाकण मिटल्यावर झोपू नये म्हणून सेटिंगमध्ये डू नथिंग केलंय, ते बरोबर ना? आमच्याकडे वीजही जाते मधूनच.

पेंग्विन_पेठ

हे सेटिंगच या सगळ्या विषयातला खरा धोका आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, डावीकडे चूज व्हॉट क्लोजिंग द लिड डझ. तिथे दोन रकाने आहेत. चार्जरवर असताना डू नथिंग ठेवा. बॅटरीवर असताना स्लीप किंवा हायबरनेटच (चालू काम डिस्कवर जतन करून पूर्ण बंद होणं) ठेवा, तिथे डू नथिंग कधीही नको.

आता पुढचं कुणी सांगत नाही. विंडोज हा नियम झाकण मिटण्याच्या क्षणी पाहतं. झाकण सकाळपासून मिटलेलंच आहे, लॅपटॉप चालू आहे, आणि संध्याकाळी तुम्ही चार्जर व केबल उपसून तो तसाच बॅगेत टाकला, तर झाकण नव्याने मिटलेलं नसतं. अनेकदा तो झोपत नाही. मॉनिटर गेला, स्क्रीन मिटलेली, दिसायला बंद, आत मात्र सगळं चालू. बॅगेत पंख्याला हवा नाही, वरून अस्तराचा कापूस. टेबलावर ५८ वर असलेलं यंत्र तिथे अर्ध्या तासात हाताला चटका बसेल असं तापतं आणि शेजारी त्याच उष्णतेत बॅटरी शिजत राहते. झाकण मिटून लॅपटॉप बिघडले असं जे ऐकू येतं, त्यातल्या पुष्कळ गोष्टींचं मूळ बॅगेत असतं, टेबलावर नसतं.

म्हणून उठताना क्रम असा ठेवा: मॉनिटरवरूनच स्टार्ट मेनूमधून शटडाउन किंवा हायबरनेट द्या. पंखा थांबल्याचा कानाने अंदाज घ्या. मग केबल काढा. हायबरनेट मेनूत दिसत नसेल तर झाकणाच्या त्याच पानावर खाली टिक करायची सोय आहे. वरती चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल दाबल्याशिवाय ती टिक होत नाही. साध्या स्लीपवर बॅगेत टाकणं टाळा. आजचे बरेच लॅपटॉप मोबाइलसारखे हलकी झोप घेतात, नेटवर्कवरून अपडेट आलं की मध्येच जागे होतात.

वीज गेली तर मॉनिटर विझेल आणि लॅपटॉप बॅटरीवर चालू राहील. याच कारणाने तो आपोआप झोपेलच असं धरू नका. त्याच पॉवर ऑप्शन्समध्ये बॅटरीवर १० मिनिटं काही हालचाल नसेल तर झोप, असं लावून ठेवा म्हणजे तुम्ही घरी नसलात तरी बॅटरी तळाला जाणार नाही. मॅक मात्र मिटलेला असताना चार्जर काढला की झोपतो.

परत जागं करायला झाकण उघडावं लागू नये म्हणून डिव्हाइस मॅनेजरमध्ये तुमच्या यूएसबी कीबोर्डच्या प्रॉपर्टीजमध्ये पॉवर मॅनेजमेंटच्या टॅबवर जा आणि यंत्राला जागं करायची परवानगी द्या.

लिनक्सवाल्यांना: सिस्टिमडीच्या लॉगइनडीमध्ये, म्हणजे झाकण मिटल्यावर काय करायचं ते ठरवणाऱ्या सेवेत, मुळातच दोन वेगळे नियम असतात. एरवी झाकण मिटलं की झोप, पण डॉकवर किंवा बाहेरचा मॉनिटर जोडलेला असताना दुर्लक्ष. त्यामुळे बहुधा काहीच बदलावं लागत नाही. पहिला नियम दुर्लक्षावर बदलायच्या फंदात पडू नका, वर सांगितलेला बॅगेतला घोळ तिथेही होतो.

आणि मिटलेल्या लॅपटॉपवर मोबाइलचं चुंबकाचं कव्हर किंवा दुसरा लॅपटॉप ठेवू नका. झाकण मिटलंय हे लॅपटॉपला चुंबक आणि तो ओळखणाऱ्या हॉल सेन्सरमुळे कळतं. खालच्या लॅपटॉपच्या चुंबकाने वर ठेवलेला उघडा लॅपटॉपही अचानक झोपतो, आणि माणूस विंडोजमध्ये दोष शोधत बसतो.

स्क्रूड्रायव्हर_००

स्क्रीनचा प्रश्न राहिला. लॅपटॉपचे एलसीडी पॅनेल चालू असताना सहसा ५० अंशांपर्यंतच्या हवेसाठी आणि बंद असताना ६० पर्यंत बनवलेले असतात. साध्या कामात मिटलेल्या लॅपटॉपचा कीबोर्ड त्याच्या बराच खाली राहतो. मिटल्यावर २० मिनिटांनी झाकण उघडून कीबोर्डच्या वरच्या मधल्या भागावर तळवा ठेवा. तळवा निवांत ठेवता आला तर स्क्रीनला काही होत नाही. हात मागे घ्यावासा वाटला तर मिटून वापरू नका. गेम, रेंडरिंग, तासन्‌तास व्हिडिओ एक्सपोर्ट, असल्या कामात झाकण उघडंच ठेवा, पॅनेल ओलेड असेल तर नक्कीच.

मिटण्याआधी कीबोर्ड पुसून घ्या. बोटांचं तेल कळांवरून स्क्रीनवर उतरतं आणि दाब पडला तर चौकोनी ठसे उमटतात. मायक्रोफायबरचा कोरडा फडका पुरे. मिटलेल्या झाकणावर वह्या-पुस्तकांची चळत रचू नका.

कूलरबद्दल विदर्भातल्या मंडळींना विशेष सांगतो. लॅपटॉप कूलरच्या थेट झोतात ठेवू नका. झोतातली ओलसर हवा आणि मे महिन्यातली धूळ पंख्याच्या तोंडाशी एकत्र येते. तळ उघडल्यावर पंखा आणि पात्यांच्या मध्ये काय दिसतं ते एकदा बघाच: राखाडी रंगाची, नमद्यासारखी पट्टी, पात्यांच्या अगदी तोंडावर चिकटलेली. बाहेरून फुंकर मारून ती हलत नाही, उलट आत घट्ट बसते. तळाचे स्क्रू काढा, आधी बॅटरीचं कनेक्टर सोडवा, पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा म्हणजे हवेच्या झोताने तो भलत्या वेगाने फिरणार नाही, आणि ती पट्टी चिमट्याने सोलून काढा. मग ब्लोअर, पात्यांच्या बाजूकडून पंख्याकडे. वर्षातून एकदा, उन्हाळा सुरू व्हायच्या आधी. वॉरंटी असेल तर सर्व्हिस सेंटरकडून करून घ्या.

थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसर आणि तांब्याच्या पट्टीमधला लेप, दर वर्षी बदलायची गरज नाही. साफ करूनही साध्या कामात तापमान जुन्या आकड्यांवर येत नसेल तरच.

तापमापी

बॅटरीचं थोडक्यात. लिथियम बॅटरीला दोन गोष्टी म्हातारं करतात: उष्णता आणि काठोकाठ भरलेलं असणं. दिवसभर चार्जरवर, १०० टक्के आणि ३७ अंशांची खोली म्हणजे दोन्ही एकत्र. कंपनीच्या अॅपमध्ये किंवा बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये) चार्जची मर्यादा असते, ती ८० टक्क्यांवर ठेवा. लेनोव्होमध्ये कन्झर्वेशन मोड, आसुसमध्ये बॅटरी हेल्थ चार्जिंग, डेलमध्ये प्रायमरिली एसी यूज, एचपीत बॅटरी हेल्थ मॅनेजर, अशी नावं आहेत. वीज गेल्यावर ८० टक्क्यांवरही तुमच्या कामाला वेळ मिळेल.

दुपारी कधी चार्जर लावूनही चार्ज होत नाही असं दिसलं तर लगेच चार्जर बदलायला धावू नका. अशा बॅटऱ्या साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करू नयेत, म्हणून लॅपटॉप चार्जिंग थांबवतो. यंत्र थंड झालं की परत सुरू होतं.

वऱ्हाडी_डेस्क

८० टक्के लावलं. शेवटचं विचारतो: खाली पंखे असलेला कूलिंग पॅड घ्यावा का?

स्क्रूड्रायव्हर_००

तुमच्या आकड्यांत नुसत्या दोन सेंटिमीटर उंचीने ३ अंश उतरले आहेत. पॅडचा मोठा फायदा तीच उंची देतो. त्याचे पंखे बहुतेकदा तुमच्या जाळीच्या नेमके खाली येतही नाहीत. लोखंडी जाळीचा साधा स्टँड घ्या, पॅडचे पैसे टाइप-सी अडॅप्टर चांगला घेण्यात घाला.

एक काम मात्र मिटून वापरणाऱ्याने महिन्यातून एकदा करायचंच. झाकण उघडा आणि टचपॅडकडे बाजूने, डोळे टेबलाच्या पातळीला आणून बघा. बॅटरी फुगायला लागली की आधी टचपॅडची कड वर येते, त्याचं क्लिक घट्ट होतं, सपाट टेबलावर लॅपटॉप डुलू लागतो, झाकण एका कोपऱ्यात मिटत नाही. रोज उघडणाऱ्याला हे लगेच दिसतं, मिटून वापरणाऱ्याला महिनोन्‌महिने कळत नाही. तसं दिसलं तर चार्जर काढा, बंद करा, दाबून बसवायचा प्रयत्न करू नका, टोचू तर नकाच, आणि तो लॅपटॉप बॅटरी बदलेपर्यंत पुन्हा चार्जिंगला लावू नका.